बिनविस्तवाचा बंब

धुलाईघरात त्याला खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्याने मानही वर केली नसती. तो बंब. बॉयलर सांभाळायचा म्हणून बंब, चटकन तापायचा म्हणून बंब, आणि अंगानेही तसाच, खाली रुंद, वर निमुळता. इस्पितळाच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे झगे, सगळं आमच्याकडे धुवायला यायचं. त्याला लागणारी वाफ हा माणूस तयार करायचा. मी तिथे फिटर. वाफ करणं त्याचं काम, ती गळू न देणं माझं.

माणूस कामाचा आहे की नाही, हे काम सुरू व्हायच्या आधी तो काय करतो त्यावरून कळतं. बंब पाळीच्या कितीतरी आधी यायचा. बायका पहिली चादर इस्त्रीच्या रुळात घालायच्या तेव्हा वाफ हजर असायची. कोणी कौतुक केलं तर म्हणायचा, “मागितल्यावर दिली ती वाफ कसली? मागायच्या आधी तयार पाहिजे.”

त्याची दुसरी गोष्ट म्हणजे काच. बॉयलरच्या पुढ्यात काचेची एक उभी नळी असते. आत पाणी कुठवर आहे ते तिच्यात दिसतं. ती काच तो स्वतः पुसायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. एकदा कोणीतरी नवख्याने ओला टॉवेल तिच्यावर वाळत टाकला. बंब असा तापला की इस्त्रीच्या बायका मशीन बंद करून ऐकायला आल्या. “पाणी खाली गेलं तर मी भरीन,” तो ओरडत होता, “पण खाली गेलंय हे दिसायला तर पाहिजे! पाण्याने बॉयलर फुटत नाही रे, झाकण्याने फुटतो!” त्याची लेक तेव्हा शाळेत होती, त्याचा डबा घेऊन आली होती. तीही दारात उभी राहून ऐकत होती. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

आम्ही दोघे निवृत्त झालो आणि एकाच इमारतीत, एका भिंतीच्या दोन बाजूंना राहायला लागलो. भिंतीतून पाण्याचा पाइप जातो. त्याच्यावर पान्याने एक टक म्हणजे ‘आहेस का’, दोन म्हणजे ‘ये’. फोन दोघांकडे आहेत, पण पाइप असताना फोन कशाला?

त्याची बायको गेल्यावर तो एकटा. लेक दुसऱ्या गावी. कपड्यांच्या कारखान्यात कापडं बेतते, हाताखाली माणसं आहेत. बोलणं बापासारखं, फक्त ती तापत नाही, थंड होते. ते जास्त वाईट.

तर गेल्या हिवाळ्याच्या शेवटी बंबाने शेगडीवर दूध ठेवलं, खुर्चीत बसला आणि त्याचा डोळा लागला. आमच्या हिला वास आला. ती धावत गेली, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. पातेल्याचा कोळसा झाला होता. बंब खुर्चीतून उठला आणि ते पातेलं हातात घेऊन उभा राहिला. ज्याने आयुष्यभर आग राखली, त्याच्या हातून दुधाएवढी आग राखली गेली नाही. आम्हाला एवढंच म्हणाला, “लेकीला बोलायचं नाही.” आणि पातेलं फडक्यात गुंडाळून पलंगाखाली सरकवलं.

लेक महिन्यातून एकदा यायची. आल्यावर कंबर कसून झाडायची. त्या खेपेला पलंगाखाली झाडू घातला आणि झाडूबरोबर पातेलं बाहेर आलं.

मी तिथेच होतो. तिने पातेलं उलटसुलट पाहिलं, बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, गॅसच्या टाकीवरचा रेग्युलेटर काढला, रुमालात बांधला आणि पर्समध्ये टाकला.

“बाबा, खिडकीजवळची खोली रिकामी करते. तुम्ही माझ्याकडे चला.”

“मी काय सामान आहे का, चला म्हटलं की चललो?”

“सामान बरं. सामान शेगडीवर दूध ठेवून झोपत नाही.”

“एकदा झालं!”

“मला एकदाच कळलंय.”

बंबाकडे उत्तर नसलं की तो पैज मारतो. म्हणाला, “रेग्युलेटर खुशाल घेऊन जा. मी विस्तवाशिवाय राहून दाखवतो. तू जेवायला ये. या येत्या रविवारी. नवऱ्यालाही आण. विस्तव न पेटवता पोटभर जेवू घातलं नाही, तर आपण होऊन बॅग भरीन.”

लेक म्हणाली, “ठीक. तुमची बॅग फाटकी आहे. मीच आणते.”

ती गेल्यावर तो पर्स होती त्या जागेकडे बघत बसला. मग मला विचारलं, “फिटर, विस्तवाशिवाय काय होतं रे?”

“पाणी.”

“तू घरी जा.”

आमच्या हिने सांगून पाहिलं की भाऊजी, मी सगळं करून देते, तुम्ही फक्त वाढा. त्याने हात जोडले. “वहिनी, मग लेक म्हणेल जेवण तुमचं, आणि बॅग उघडेल. जेवण माझं पाहिजे.” पटण्यासारखं होतं. दुसऱ्याने कसलेला नट आपण कसला म्हणून सांगायचा नसतो. तिने दुसरं काही सुचवलं नाही, फक्त म्हणाली, “उन्हाळा आहे. फळं द्या की. त्यांना देवानेच शिजवलंय.”

बंबाला ते एकदम भावलं. झाडावर उन्हात शिजलेली वस्तू म्हणजे आगच, फक्त लांबची, असं त्याने मला बाजारात जाईपर्यंत समजावून सांगितलं.

कोपऱ्यावर फळवालीची गाडी असते. तिच्या जिभेला धार तिच्या सुरीपेक्षा जास्त. बंबाने कलिंगड उचललं, कानाशी धरलं आणि बोटाच्या पेराने ठोकायला लागला. पाइपात हवा अडकली आहे का ते तो असंच ठोकून बघायचा. एक ठेवलं, दुसरं घेतलं. टक टक. मान हलवली. तिसरं.

फळवाली म्हणाली, “आजोबा, दारं वाजवताय का? आतून कोणी उघडणार नाही.”

“आवाज बघतोय.”

“आवाज बघतात होय? मग रंग ऐकून सांगा.”

मी हसलो. बंब तापायच्या बेतात होता, पण त्याला तिची गरज होती. त्याने खरं ते सांगितलं, की लेक जेवायला येणार आहे, विस्तव पेटवायचा नाही, आणि जमलं नाही तर हे घर सुटणार. फळवालीने सुरी खाली ठेवली. गिऱ्हाइकाचं दुःख ऐकताना तिचा हात थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला.

“तर मग ऐका. कलिंगड, खरबूज, द्राक्षं, सफरचंद, केळी. फोडी एका मापाच्या करा. सफरचंदाला लगेच लिंबू लावा, नाहीतर गंजल्यासारखं दिसतं. साखर थोडी, मीठ चिमूटभर, पुदिना हाताने तोडून. सोबत ब्रेड, चीज, दाणे ठेवा, पोट भरतं. आणि कापा आणि खा. एवढंच. याला काही अक्कल लागत नाही.”

“मग जमेल याला,” मी म्हणालो.

शुक्रवारी आम्ही तालीम घेतली. थोडीच फळं आणली होती, करून बघण्यापुरती. सुरीला मी दगडावर धार लावून दिली. बोथट सुरीने काम करणं म्हणजे फळाला मारहाण आहे, कापणं नव्हे. बंबाने बाही वर केली आणि कलिंगडाची पहिली फोड काढली. विटेएवढी.

“हे तोंडात जायचंय की भट्टीत?” मी विचारलं.

“तोंड उघडलं तर जाईल.”

“लेकीचं तोंड आहे, भट्टीचं दार नाही.”

मग तो ताळ्यावर आला. कलिंगडाच्या आधी चकत्या, चकत्यांच्या पट्ट्या, पट्ट्यांचे चौकोन. बिया सुरीच्या टोकाने. खरबुजाची साल काढताना त्याने गर सोडला नाही आणि साल ठेवली नाही. हे बोलायला सोपं आहे, करून बघा. द्राक्षं उभी अर्धी केली. अख्खी ठेवली असती तर कमी मेहनत, पण अख्खं द्राक्ष चमच्यातून पळतं आणि त्याच्यात रस शिरत नाही. सफरचंद शेवटून दुसरं, लिंबू पिळून. केळं सगळ्यात शेवटी. मग साखर, मीठ, पुदिना. त्याचे जाड हात भांड्यात इतके हळू फिरत होते की मला त्याचं कौतुक वाटलं. मी बोललो नाही. कामाच्या मध्ये कौतुक केलं की सुरी घसरते.

आम्ही तिथेच ओट्यापाशी उभ्याने खाल्लं. थंड, गोड, जरासं आंबट, मध्येच पुदिना. आमच्या हिने वाटी पुसून खाल्ली. बंब म्हणाला, “बॅग रिकामी परत जाणार.” मलाही तसंच वाटलं.

केलं आणि लगेच खाल्लं, म्हणून ते चांगलं लागलं, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी पाइपावर दोन टक. मग आणखी दोन. मग नुसता खणखणाट. मी सदरा हातात घेऊनच गेलो.

टेबलावर त्याच्या बायकोचं काचेचं मोठं भांडं होतं. तिने हयातभर कपाटावर ठेवलेलं, पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे कधी तिला तेवढे मोठे वाटलेच नव्हते. ते आज पहिल्यांदा खाली उतरलं होतं. भांड्यात निम्म्यापर्यंत गुलाबी पाणी. पाण्यात कलिंगडाच्या फोडी, कडा गळालेल्या. खरबूज लिबलिबीत. केळ्याच्या चकत्या काळपट होऊन वर तरंगत होत्या. पुदिना म्हणजे गटाराच्या जाळीत अडकलेला पाला.

“हे कधी केलंस?”

“उजाडायच्या आत.”

“का?”

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच खुळा. “तयार नको? ती आली आणि मग मी कापत बसलो तर काय म्हणेल? मागायच्या आधी—”

“—तयार पाहिजे,” मी म्हणालो. “बंब, ती वाफ होती. हे फळ आहे. साखर-मीठ लागलं की पाणी सोडतं.”

“शुक्रवारी नाही सोडलं.”

“शुक्रवारी आपण त्याला वेळच दिला नाही.”

तो खुर्चीत बसला. माणसाच्या चांगल्या सवयीनेच त्याला पाडलं की सांत्वन करता येत नाही. आळसाने बिघडलं असतं तर चार शब्द सुनावता आले असते. हा पहाटे उठून, दिव्याखाली, सगळ्या फोडी एका मापाच्या कापून बसला होता. फोडींची मापं अजूनही ओळखू येत होती.

“लेकीची बस कधीची?”

“येईलच आता.”

मी म्हणालो, “ओतून टाक मोरीत. भांडं धू. मी धावत जाऊन फळं आणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला कोण सांगतंय?”

धावत म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमेल तसं. फळवालीने मला लांबून पाहिलं आणि कलिंगड काढून ठेवलं. “काय, आदल्या रात्रीच केलं का कालवण?”

“पहाटे.”

“अरे देवा. मी म्हटलं होतं, कापा आणि खा. मध्ये झोपा असं म्हटलं होतं का?” तिने कलिंगड, खरबूज, बाकीचं पिशवीत भरलं, पुदिन्याची जुडी वरून खोचली. “पुदिना माझ्याकडून. पळा.”

जिना चढून आलो तर बंबाच्या दाराशी एक बॅग. निळी, नवी, चाकांची. मी तिला जरा पायाने ढकललं. हलकी. रिकामी होती.

आत लेक आणि जावई. जावई सज्जन माणूस, बोलतो कमी आणि भूक लागली की तेवढंही नाही. टेबल स्वच्छ. ब्रेड, चीज, दाणे मांडलेले. काचेचं भांडं कुठेच नाही. मला वाटलं, धुऊन ठेवलं असेल. पण मोरी कोरडी होती. बंबाने माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग पटकन माझ्याकडे. कपाटावर वर्तमानपत्र पांघरलेलं काहीतरी गोल बसलं होतं.

ओतायला हात धजावला नसावा. मेहनत ओतवत नाही. म्हणून झाकलं.

“काका, पिशवीत काय?” लेकीने विचारलं.

“फळं.”

“आत्ता आणलीत?”

“ताजी बरी,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

ती उठली. खोलीभर नाक फिरवलं. त्या खोलीत पिकल्या खरबुजाचा एवढा वास होता की आंधळ्यालाही कळावं, आणि माझी पिशवी तर अजून बांधलेली होती. तिने ओट्याखाली पाहिलं नाही, पलंगाखालीही नाही. परत खुर्चीत बसली आणि थंड आवाजात म्हणाली,

“बाबा, एक विचारू?”

“विचार.”

“दूध जळलं म्हणून मी रेग्युलेटर काढून नेला असं वाटतं ना तुम्हाला?”

“मग कशाला नेलास?”

“दूध माझ्याकडूनही उतू जातं. यांना विचारा.”

जावयाने मान डोलावली. “पुष्कळदा.”

“तुम्ही गप्प बसा. बाबा, तुम्ही पातेलं पलंगाखाली ठेवलंत. मी दर रविवारी फोन करते, तुम्ही म्हणता सगळं ठीक. आता ते खरं की पलंगाखालचं, हे मला तिकडे बसून कसं कळणार? त्या दिवशी टॉवेलवरून केवढे ओरडला होतात. मी डबा घेऊन दारात उभी होते. आठवतं?”

मी पिशवीची गाठ सोडायला लागलो, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. बॅग दारातून दिसत होती. मला वाटलं, संपलं. हा आता तापणार, ती थंड होणार, आणि माझ्या भिंतीपलीकडून टक ऐकू येणं बंद होणार.

तो उठला. स्टूल ओढलं. मी धरायला गेलो तर म्हणाला, “बाजूला हो.” वर चढला, वर्तमानपत्र काढलं, भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि एक थेंब न सांडता खाली उतरला. भरलेलं भांडं घेऊन स्टुलावरून उतरणं तरण्याताठ्यांना जमत नाही. त्याने ते टेबलाच्या बरोबर मध्ये, लेकीच्या डोळ्यांसमोर ठेवलं.

“ही घे काच,” म्हणाला. “बघ पाणी कुठवर आलंय.”

तिने पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एक केळ्याची चकती हळूच फिरून पालथी झाली.

“पहाटे केलं,” बंब म्हणाला. “आधी तयार पाहिजे म्हणून. साखर-मीठ घालून ठेवलं आणि माती झाली. मला माहीत नव्हतं. फिटरलाही नव्हतं. तो ओतून टाक म्हणत होता. मी तेवढंही केलं नाही, नुसतं झाकलं. पातेल्यासारखंच. आता दिसलं तुला. भर बॅग.”

लेकीचा ओठ हलला. मला वाटलं रडते. ती हसत होती. आधी न आवाज करता, मग खांदे हलायला लागले, मग ती टेबलावर डोकं टेकवून हसली. “उजाडायच्या आत!” ती म्हणत होती. “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बाबा, फळांची पाळी कितीची असते हो?”

“हसू नकोस,” बंब म्हणाला, पण त्याचीच मिशी हलत होती.

एवढ्यात जावयाने कपाटातला पेला घेतला, भांड्यात बुडवला, चकती बोटाने बाजूला केली आणि ते गुलाबी पाणी प्यायला. आम्ही थांबलो. त्याने पेला खाली ठेवला.

“चांगलं आहे,” तो म्हणाला आणि परत बुडवला.

चांगलंच होतं. सगळ्या फळांचा जीव त्यात उतरला होता. गाळणी आणली, गाळलं, लिंबू पिळलं, फ्रिजमधला बर्फ टाकला. बंबाने चोथा मात्र कोणाला खाऊ दिला नाही. “तो माल बाद आहे,” म्हणाला. बाद मालाला बाद म्हणणारा माणूस मला आवडतो.

“आता जेवण,” त्याने बाही वर केली. लेक सुरी घ्यायला पुढे झाली.

“तू बस. पैज माझी आहे.”

“मी दिवसभर कापते बाबा, मला—”

“कापड कापतेस. बस.”

ती बसली. हनुवटीखाली हात घेऊन त्याचे हात बघत राहिली. मी कधी त्या हातांकडे, कधी तिच्याकडे पाहत होतो. चकत्या, पट्ट्या, चौकोन. सुरीचं टोक बियांखाली जाऊन बी उडवत होतं. एका फोडीपाशी तो थांबला, ती इतरांहून मोठी होती. त्याने ती परत कापली. लेकीच्या भुवया तेव्हा जराशा वर गेल्या. बेतण्याचं काम करणाऱ्या माणसाला ते दिसणारच. थोड्या वेळाने तिने न विचारता द्राक्षांचा घड ओढला आणि देठ काढायला लागली. त्याने तिच्यापुढे वाटी सरकवली. तेवढी मदत पैजेत बसते असं मी ठरवलं.

सगळं भांड्यात पडल्यावर त्याने साखरेचा डबा उचलला, मग थांबला आणि सगळ्यांकडे पाहिलं.

“चमचे हातात घ्या,” म्हणाला.

आम्ही घेतले.

“तयार?”

“तयार.”

मग त्याने साखर टाकली, मीठ टाकलं, पुदिना चुरगळला, दोनदा खालून वर केलं आणि गर्जला, “चला!”

मी पुष्कळ जेवणं जेवलो आहे. पण सुरुवातीचा भोंगा वाजवून जेवायला बसवलेलं हे एकच. ब्रेड, चीज, दाणे आणि ते फळांचं भांडं. आमची ही वास घेत आलीच, तिलाही वाढलं. जावयाने तळ खरवडला. पोट भरलं का, असं बंबाने त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आता बॅग उचलवायची नाही.”

ते ऐकून सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बॅग अजून दाराशी होती.

लेकीने चमचा ठेवला. “पैज तुम्ही जिंकलात. पण बाबा, उन्हाळ्यात. थंडीत काय कराल? थंडीत गार कलिंगड खाल?”

“थंडीत कलिंगड मिळत नाही.”

“तेच म्हणते.”

बंब उठला. मला वाटलं, हात धुवायला चालला. तो कपाटाकडे गेला आणि खालच्या खणातून लोकरीचा जाड कोट काढला. मग दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे. बॅग आत ओढली, उघडली आणि एकेक घडी नीट बसवत भरायला लागला.

“काय करताय?” लेकीने विचारलं.

“थंडीचं सामान पुढे पाठवतोय. थंडी पडली की मागून मी येतो. खिडकीजवळची खोली ना? मग पडदा जाड लाव. ऊन तापलं की परत इथे. रेग्युलेटर तुझ्याकडेच राहू दे, मला नको.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि रविवारी फोन करशील तेव्हा काय बिघडलं ते आधी विचार. मी सांगीन.”

“नाही सांगितलंत तर?”

“फिटरला विचार. त्याला खोटं बोलता येत नाही. मघाशी बघितलंस ना, ‘ताजी बरी’ म्हणाला.”

सगळे माझ्यावर हसले. हसू द्यावं.

लेकीने बॅगेत हात घातला, त्याने ठेवलेला एक स्वेटर काढला, घडी मोडली, स्वतःच्या पद्धतीने घातली आणि परत ठेवला. बापाने तो काढून पुन्हा आपल्या घडीने ठेवला. असं बराच वेळ चाललं. जावई आणि मी दाराबाहेर जाऊन उभे राहिलो.

जाताना तिने ते जळकं पातेलं मागितलं. “घासून बघते.” बंब म्हणाला, “घासू नकोस, त्याचं बूड गेलंय. टाकून दे.” पण तिने ते बॅगेत, कोट आणि कानटोपीच्या मध्ये ठेवलंच. जावयाने बॅग उचलली आणि म्हणाला, “आता जड झाली.” बाटलीत भरून दिलेलं गुलाबी पाणी त्याने दुसऱ्या हातात घेतलं. ते कोणाकडे दिलं नाही.

संध्याकाळी पाइपावर दोन टक. गेलो. बंब ओट्यापाशी उभा होता. पुढ्यात अर्धं खरबूज, सुरी, आणि बाजूला साखरेचा डबा, झाकण लावलेला.

“काय रे?” मी विचारलं.

“वहिनींना बोलाव. खायला माणसं आल्याशिवाय आता मी सुरी लावत नाही.”

“आणि साखर?”

“तू तोंड उघडलंस की.”

मी भिंतीवर ठोकलं. आमच्या हिचा आवाज पलीकडून आला, “आले, आले, चमचा घेऊनच येते.”